गाडीखाली गेलेले पणजोबा कागदात कुठे सापडतात?

मूळ घणसोलीच्या, आता ऐरोलीत राहणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे: "आमचे पणजोबा तरुणपणीच अपघातात गेले. थोरल्या घरातले सांगतात, मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेले. आमच्या घरात सांगतात, ठाण्याला गाडीखाली गेले. आजोबा तेव्हा रांगत होते. साल १९४० ते १९५० मधलं कुठलं तरी. मृत्यूच्या नोंदीसाठी ठाण्यात अर्ज केला, तर 'नोंद आढळून येत नाही' असं लेखी मिळालं. आता पुढे काय करू?"

माझी सगळी नोकरी महसुली दप्तरात गेली. कागदांचा रुमाल सोडायचा, फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद) शोधायचा, नक्कल द्यायची, रुमाल परत बांधायचा. निवृत्तीनंतर हेच काम लोकांच्या वंशावळींसाठी करतो. अपघाती मृत्यूची प्रकरणं त्यात बरीच येतात, आणि बहुतेक जण तुमच्यासारखीच सुरुवात करतात, म्हणजे थेट मृत्यूचा दाखला मागतात. मी उलट्या बाजूने जातो. मेलेला माणूस कागद करत नाही, मागे राहिलेले करतात. जमीन नावावर लावायला, भरपाई मिळवायला, पोराला शाळेत घालायला. म्हणून अपघाताच्या मागे लागण्याआधी तुमच्या पणजीच्या मागे लागा. ती विधवा झाल्यावर कुठल्या कचेरीत गेली, कुठे अंगठा उठवला, ते सापडलं की पणजोबा आपोआप सापडतात.

आधी घरातल्या दोन गोष्टींचं बघू. घरच्या आठवणीत कारण सगळ्यात कच्चं असतं आणि कोण किती मोठं होतं ते सगळ्यात पक्कं. मोठा अपघात आसपासचे लहान अपघात गिळून टाकतो, हे मी वारंवार पाहिलं आहे. 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा व्हिक्टोरिया गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. त्या दोन-तीन वर्षांत मुंबईला कामाला गेलेला कुणीही परतला नाही, की दोन पिढ्यांनी तो 'गोदीच्या स्फोटात' गेलेला असतो. 'रामदास' बोटीचंही तसंच. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. उरण-अलिबागकडच्या एका घराची गोष्ट मी तपासली होती, 'आजा रामदासमध्ये गेला' अशी. फेरफार निघाला १९४१ चा. आजा बुडाला हे खरं, पण स्वतःच्या होडीतून, निदान सहा वर्षं आधी.

'गाडीखाली' हा शब्दही चाचपून घ्या. जुन्या माणसाच्या तोंडी गाडी म्हणजे रेल्वे, ट्राम, मोटारलॉरी, नाहीतर बैलगाडीसुद्धा. तुमच्या घणसोलीतून रेल्वे धावायला लागली २००४ साली, त्यामुळे रेल्वे असेल तर ती ठाणे-कळव्याकडची. आजीला किंवा चुलतआजीला विचारताना 'कसे गेले' असं विचारूच नका, कारण पाठ झालेलं वाक्यच परत ऐकायला मिळेल. प्रेत घरी आणलं होतं का? कुणी आणलं? घरी निरोप कोण घेऊन आलं, पोलीस, गावचा कोतवाल की सोबतचा कामकरी? पणजीला नंतर पैसे मिळाले का, आणि त्यासाठी तिला कुठे जावं लागलं? आजोबांच्या पाठीवर भावंडं किती? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण साल आवळायला त्याच्यासारखा दुसरा नाही.

आजोबांच्या शाळेचा दाखला काढून ठेवा. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली समजा. त्या पिढीत अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला. तरी वर्ष एक-दोन सालांच्या फरकाने बरोबर असतं. दाखल्यावर जन्म १९४६ चा असेल, तर ते रांगत असताना १९४४ चा स्फोट होऊ शकत नाही आणि थोरल्या घरातली गोष्ट तिथेच गळते. जन्म १९४३ चा निघाला तर दोन्ही गोष्टी उभ्या राहतात, मग पुढचं वाचा.

आता देवघराकडे वळू. सरकारी कचेरीपेक्षा मी इथे आधी जातो. पितृपक्षात पणजोबांचं पान कधी वाढतात ते विचारा. आपल्याकडे गेल्या तिथीला महालय करायची रीत आहे, पण अपघाताने, शस्त्राने, पाण्यात बुडून गेलेल्याचं भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात. पंचांगात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं ते हेच. घरात सगळ्यांची पानं वेगवेगळ्या तिथींना आणि एकट्या पणजोबांचं चतुर्दशीला असेल, तर मृत्यू अपघाती होता ही साक्ष घराने ऐंशी वर्षं न लिहिता जपली आहे असं समजा. मात्र सगळ्यांचंच सर्वपित्रीला उरकत असतील तर यातून काही निघत नाही. घरात कुणी त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायणबळी केला होता का, तेही विचारा. तो विधी अपमृत्यूसाठीच असतो, आणि तिथले तीर्थोपाध्याय यजमानाचं गाव, कूळ आणि पूर्वजांची नावं आपल्या वहीत उतरवून ठेवतात. वही गावावरून आणि आडनावावरून शोधायची, तेव्हा घणसोलीचे उपाध्ये कोण हे आधी काढा.

वर्षश्राद्धाची तिथी वेगळी माहीत असेल तर सोन्याहून पिवळं. नुसत्या तिथीने साल कळत नाही, पण तिथीला वार जोडला की दहा वर्षांतून एखाद-दोन तारखाच उरतात. म्हाताऱ्या माणसांना वार आठवत नाही, बाजार आठवतो, उपास आठवतो. त्यावरून वार काढा. 'धोंड्याच्या महिन्यात गेला' असं कुणी म्हणालं तर कान टवकारा, कारण अधिकमास तीन वर्षांतून एकदाच येतो. १९४२ साली ज्येष्ठ अधिक होता, १९४७ साली श्रावण. जुनी पंचांगं मोठ्या ग्रंथालयांत असतात.

आता तुमच्या 'आढळून येत नाही'कडे येऊ. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मेला तिथे होते. ठाण्याच्या फाटकाजवळ जखमी झालेला माणूस परळला केईएममध्ये किंवा भायखळ्याला जे.जे.मध्ये नेला आणि तिथे गेला, तर नोंद मुंबई पालिकेच्या त्या वॉर्डात. रुळावरच गेला आणि जागा पालिकेच्या हद्दीबाहेर असेल, तर त्या गावच्या दप्तरात. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ ची, सिडको १९७० ची. त्याआधी घणसोली हे ठाणे तालुक्यातलं एक गाव होतं, तेव्हा तिथे जुनं शोधताना पालिका विसरा आणि गाव नमुना १४ मागा. यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू त्यात उतरायचे. मराठा-कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या वह्यांना एकदम भाव आला आणि बऱ्याच जिल्ह्यांनी पानं स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकली. पण टाकली ती कुणबी नोंदी असलेली पानं. तुमचं पान त्यात नाही म्हणून वहीत नाही, असं धरू नका. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात वर्षवार अर्ज करा. निम्मी पानं मोडीत असतील. मोडी वाचणारा सोबत न्या, नाहीतर नक्कल घेऊन येऊन घरी बसून वाचून घ्या.

कारणाच्या रकान्यावर मात्र फार विसंबू नका. इंग्रजी अमलातल्या या नोंदींत कारणांचे ठरलेले साचे होते: पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि इतर. लिहिणारा ज्याला जे वाटेल ते घालायचा, आणि निम्मं गाव तापानेच गेलेलं दिसतं. माझ्या स्वतःच्या चुलतआजोबांना साप चावला हे घरात, शेजारी, मामांकडे, सगळीकडे एकमुखाने सांगतात. वहीत 'ताप'. 'इजा' दिसलं तर ते खरं माना. 'ताप' दिसलं तर त्याने काहीच सिद्ध होत नाही आणि खोटंही पडत नाही.

आणि एक गोष्ट लोकांना सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ खाली कुणालाही नोंद शोधून उतारा मागता येतो, पण त्या उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही असं त्याच कलमात स्पष्ट आहे. म्हणजे उद्या मुंबईच्या वॉर्डात दाखला मिळालाच, तरी त्यावर तारीख आणि जागा मिळेल, 'अपघात' हा शब्द मिळणार नाही. दाखल्याकडून तारीखच मागा.

फेरफाराचा विषय माझा आवडता आहे, त्यामुळे थोडं लांबवतो. खातेदार मेला की वारसांची नावं लावायला फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. वारसांचं रजिस्टर ६-क. फेरफारात ओळ असते ती साधारण अशी: 'खातेदार अमुक हा तमुक रोजी मयत झाला, त्यास वारस मुलगा अमुक अ.पा.क. आई अमुक.' हे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. तुमच्या सात-बाराच्या जुन्या उताऱ्यावर आजोबांच्या नावापुढे ही तीन अक्षरं असतील, तर ते लहान असताना बाप गेला हे महसूल खात्याने लिहून ठेवलेलं आहे. सात-बारावर नावाशेजारी वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफाराचा क्रमांक. तो घेऊन मागे-मागे जायचं. ठाणे जिल्ह्याचे जुने अभिलेख स्कॅन झालेले आहेत आणि 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर गावनिहाय पाहता येतात, तेव्हा पहिली फेरी घरबसल्या होईल.

दोन ठिकाणी माणसं फसतात. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. माणूस गेला १९४५ ला आणि वारसनोंद १९५३ ला, असं सर्रास आहे. कर्ज काढायची वेळ आली, भावकीत कुरबुर झाली, की मग नावं लावायची. 'सुमारे आठ वर्षांपूर्वी मयत' असंही लिहिलेलं सापडतं. दुसरं म्हणजे ए.कु.मॅ. ही अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन थोरल्या भावाच्या नावाने ए.कु.मॅ. म्हणून लागली असेल, आणि तुमच्या बोलण्यावरून थोरलं घर वेगळं दिसतंय, तर धाकट्याच्या मरणाने फेरफार होतच नाही. नाव नव्हतंच तर कमी काय करणार? अशा वेळी वाटणीचा फेरफार बघा. वाटणी झाली तेव्हा धाकट्याच्या ऐवजी त्याचा मुलगा उभा असेल, तर मृत्यू त्याआधीचा.

घणसोलीकडे बरीच घरं कुळं होती. तसं असेल तर पणजीने तुमच्यासाठी एक ठेवा ठेवला असण्याची शक्यता आहे. कूळकायद्याचा कृषकदिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस, १ एप्रिल १९५७, आणि त्यानंतर कलम ३२-ग खाली जमिनीची किंमत ठरवायच्या चौकशा झाल्या. त्यात कुळाचा जबाब घेत. विधवा असेल तर जबाबाची सुरुवातच 'माझे पती अमुक साली वारले, तेव्हापासून जमीन मी कसते' अशी. एका प्रकरणात त्या बाईने 'गिरणीत पट्ट्यात सापडून वारले' इतकं सांगितलेलं मी वाचलं आहे. कारकुनाने तिच्या शब्दांत लिहून घेतलं होतं. सत्तर वर्षांत तिच्या घरातल्या कुणी ते वाचलं नव्हतं.

तुमच्याकडे आणखी एक सोय आहे जी पुण्या-नाशकाच्या माणसाला नाही. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. मोबदल्याच्या वेळी निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशात, नावं लागली, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के भूखंड मिळायच्या वेळी प्रत्येक घराला वारस दाखले, प्रतिज्ञापत्रं, वंशावळ द्यावी लागली. कुणाच्या तरी लोखंडी कपाटात ती फाइल आहे. प्रकल्पग्रस्ताच्या घरात ती टाकून देत नाहीत. त्या वंशावळीत 'मयत' पुढे साल असतं. प्रतिज्ञापत्र करणारा तेव्हा पासष्टीचा असेल, तर तुमच्या पणजोबांना त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असू शकतं. ही फाइल थोरल्या घरात निघाली तर गोड बोलून घ्या. भूखंडाचा विषय काढू नका, म्हणजे चहाही मिळेल.

तारीख आणि जागा हातात आली की मग पोलिसांचा कागद. अपघाती मृत्यूत कुणाचा गुन्हा दिसत नसेल तर तो गुन्ह्याच्या वहीत जात नाही, अकस्मात मृत्यूच्या रजिस्टरला जातो. त्या काळी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आज नागरिक सुरक्षा संहितेचं १९४, रीत तीच. खबर, पंच, मरणोत्तर पंचनामा. मुंबई शहरात मात्र १८७१ च्या कायद्याने कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता आणि तो १९९९ पर्यंत टिकला. म्हणजे माणूस ठाण्यात जागीच गेला तर पोलिसांचा पंचनामा, आणि मुंबईत इस्पितळात गेला तर प्रकरण कॉरोनरकडे. रुळावर गेला असेल तर रेल्वे पोलीस, आजच्या भाषेत लोहमार्ग. १९४० च्या दशकातली रजिस्टरं पोलीस ठाण्यात हाताला लागतील अशी आशा ठेवू नका. ठरावीक मुदतीनंतर असे कागद नष्ट करतात. तरी माहिती अधिकारात एक अर्ज टाका. दहा रुपयांचा खर्च आहे. २० वर्षांपूर्वीच्या घटनेला कलम ८(३) मुळे नकाराची बरीच कारणं लागू होत नाहीत, हे अर्जातच नमूद करा, आणि 'कागद नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्यावी' असं शेवटी लिहा. या ओळीने उत्तराचा सूर बदलतो.

पणजोबा रेल्वेखाली गेले असतील तर ते कोण म्हणून गेले, यावर कागद ठरतो. रूळ ओलांडणारा असेल तर पोलिसांच्या दोन ओळींवर त्याचं काही नाही. रेल्वेचा नोकर असेल, गँगमन, खलाशी, हमाल, तर सेवेचा कागद आणि भरपाईचा. शोधताना मध्य रेल्वे म्हणू नका, ती १९५१ ची. तेव्हाची रेल्वे जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला. गिरणी-कारखान्यातला अपघात असेल तर कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३, लागू १ जुलै १९२४ पासून. त्यात एक चांगली तरतूद होती: मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर विधवेच्या हातावर ठेवायची नाही, आयुक्ताकडे जमा करायची. त्यामुळे मयताचं वय, पगार आणि अवलंबून असलेली माणसं, सगळं एका प्रकरणात येतं. म्हणूनच मी वर विचारायला सांगितलं की पणजी पैशासाठी कुठे गेली. 'कोर्टात गेली होती' असं कुणी म्हणालं, तर ते कोर्ट बहुधा हे.

वर्तमानपत्रं सगळ्यात शेवटी, आणि फक्त तारीख आठवड्याभरात आवळली असेल तरच. नाहीतर डोळे जातात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, दोन्हीकडे जुने अंक कोणते आहेत ते आधी फोन करून विचारा. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे जुने अंक डिजिटल शोधता येतात, पण इंग्रजी शोधात ठाणे आजच्या स्पेलिंगने घालू नका. तेव्हा शेवटी e नव्हे, a लिहीत, म्हणजे Thana. नावाने तर शोधूच नका. गरीब माणसाच्या मरणाला दोन ओळी मिळायच्या, त्यात 'एक हिंदू कामगार' एवढंच. जागा, दिवस आणि अपघाताची तऱ्हा जुळते का ते बघायचं.

एक अवघड गोष्ट राहिली. 'पाय घसरला', 'गाडी दिसली नाही', 'विहिरीत तोल गेला' ही वाक्यं घरांनी कधी कधी दुसऱ्याच कारणावर पांघरूण म्हणून वापरलेली असतात, आणि पोलिसांचं अकस्मात मृत्यूचं रजिस्टर आत्महत्येलाही तेच असतं. पंचनाम्यात तसं काही निघालं तर ते आधी एकट्याने वाचा. आजोबा हयात आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांना काय सांगायचं आणि कधी, हे तुम्ही ठरवायचं. मी प्रत्येक वेळी नक्कल बंद पाकिटात देतो आणि घरच्यांसमोर उघडत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा: येत्या रविवारी थोरल्या घरी जाऊन श्राद्धाची तिथी आणि साडेबारा टक्क्यांची फाइल. मग आजोबांचा शाळेचा दाखला. मग सात-बारावरून फेरफार, आणि घर कूळ असेल तर ३२-ग. साल नक्की झालं की घणसोलीचा नमुना १४ आणि मुंबईच्या वॉर्डाचा शोध एकाच वेळी टाका. फेरफार मोडीत निघाला तर पानाचा सरळ, सावली न पडलेला फोटो काढून ठेवा, कडेचा समास आणि मंडल अधिकाऱ्याची सही आली पाहिजे. त्या सहीखालची तारीख बरेचदा मजकुरातल्या तारखेपेक्षा जास्त कामाची असते.